खेळ अर्ध्यावर बंद पडतो तेव्हा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या घरातील लॅपटॉप वरचेवर बंद पडू लागला. माझा तेरा वर्षांचा नातू संध्याकाळी त्यावर एक खेळ खेळत असे. खेळ रंगात आला, की तो अचानक नाहीसा होई. कधी पडद्यावर इंग्रजीत काही संदेश उमटे, तर कधी सारा पडदाच काळा होऊन यंत्र निपचित पडे. मग आतून हाक येई, "आप्पा, परत क्रॅश झाला!"

त्या लॅपटॉपवर केवळ खेळच चालतो असे नाही. मुलाची जीएसटीची विवरणपत्रे त्यावर भरली जातात, सूनबाई शिकवणीच्या प्रश्नपत्रिका त्यावरच तयार करतात आणि नातवाचा अभ्यासही त्यावरच होतो. त्यामुळे ही बाब खेळापुरती राहिली नाही. मुलाने एका वाक्यात निर्णय दिला, "नको ते उतरवून यानेच लॅपटॉप बिघडवला. व्हायरस शिरला असणार." नातू म्हणाला, "मी काही बिघडवलेलं नाही, बाबा." त्याचे कोणी ऐकून घेतले नाही. खरे सांगायचे, तर मीही घेतले नाही. एका दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप दाखवला, तेव्हा त्याने झाकणही न उघडता 'मदरबोर्ड गेला' असे सांगून नऊ हजारांचा अंदाज दिला. घरात दोन गोष्टी ठरल्या : खेळ काढून टाकायचा आणि पुढच्या महिन्यात दुरुस्तीचा खर्च करायचा.

त्या रात्री नातू माझ्या शेजारच्या अंथरुणावर बराच वेळ जागा होता. शेवटी हळूच म्हणाला, "आप्पा, तुमच्या दुकानात हिशेबात फरक आला, की तुम्हीपण आधी पोऱ्यालाच धरायचा का?"

या प्रश्नाने माझी झोप उडाली.

साडेचारशे रुपयांची गोष्ट

मी चाळीस वर्षे सांगलीच्या हळद पेठेतील एका अडत दुकानात दिवाणजी होतो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद यांतच माझे आयुष्य गेले. एके दिवशी संध्याकाळी रोकड मोजली, तेव्हा ती ४५० रुपयांनी कमी भरली. त्या दिवशी गल्ल्याजवळ दुकानातील पोऱ्या बसला होता. मालकांची नजर त्याच्याकडे वळली. पोऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

हिशेबनिसांना एक जुनी खूण ठाऊक असते. फरकाच्या रकमेला ९ ने निःशेष भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शंका घ्यावी. ४५० ला ९ ने भागले, की बरोबर ५० येतात. मी कीर्द पुन्हा वाचली. हमालीचे ७२० रुपये दिले होते आणि मीच घाईत २७० लिहिले होते. चूक माझ्या लेखणीची होती, आणि शिक्षा मात्र त्या पोराला होणार होती.

नातवाला ही गोष्ट मी कधी काळी सांगितली असावी. ती त्याने लक्षात ठेवली होती आणि मी विसरलो होतो. सकाळी उठून मी मुलाकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली. नातवाला एक कोरी वही दिली आणि सांगितले, "आजपासून लॅपटॉपची कीर्द लिहायची. खेळ बंद पडला, की चार गोष्टी नोंदवायच्या : वेळ, त्या वेळी आणखी काय चालू होते, नेमके काय दिसले आणि आदल्या नोंदीनंतर आपण काय बदलले. आठ दिवस फक्त लिहायचे. दुरुस्त काही करायचे नाही."

खेळ कोणता, आणि त्यात काय होते

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधील मार्कस पर्सन यांनी तो २००९ साली प्रथम लोकांसमोर आणला, २०११ च्या नोव्हेंबरात त्याची पूर्ण आवृत्ती आली आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी मोजांग ही कंपनी विकत घेतली. यातील सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे आहे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, रुंद आणि उंच जागा. त्याच्या 'क्रिएटिव्ह' प्रकारात ठोकळे हवे तितके मिळतात. तेथे कोणाशी झुंजायचे नसते, केवळ उभारायचे असते.

नातू काय उभारतो, हे मी त्या दिवसापर्यंत पाहिलेच नव्हते. सहलीत त्याने साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहिली होती. एके काळी त्या विहिरीवर बारा मोटा चालू शकत, म्हणून तिला हे नाव. चौकोनी ठोकळ्यांतून तिचा अष्टकोन कसा साधायचा, याच्या खटपटीत तो दोन महिने गढला होता. पायऱ्या, कमानी, मोटेची जागा, पाटाचे पाणी असे सारे त्यात होते. ज्याला आम्ही 'वेळ घालवणे' म्हणत होतो, त्यात चौकोनी वहीची बावीस पाने भरून आकडेमोड झाली होती.

म्हणून पहिले काम आम्ही केले ते जपणुकीचे. या खेळातील प्रत्येक जग 'सेव्ह्ज' नावाच्या फोल्डरमध्ये साठवलेले असते. खेळ बंद करून त्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. यंत्र ऐन लिहिण्याच्या वेळी बंद पडले, तर जगाचा एखादा भाग खराब होऊ शकतो. वाचकहो, दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी जे गमावले तर परत मिळणार नाही, त्याची प्रत घ्यावी. खेळ पुन्हा उतरवता येतो, दोन महिन्यांची मेहनत उतरवता येत नाही.

एक नाव, दोन दुखणी

आठ दिवसांत वहीत अकरा नोंदी झाल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली. ज्याला आम्ही सारे 'क्रॅश' म्हणत होतो, ते एक दुखणे नव्हते, दोन होती.

सात वेळा केवळ खेळ बंद पडला होता. बाकीचे सारे कार्यक्रम चालू राहिले होते आणि एक संदेश आला होता. त्या सातही वेळी ब्राउझरमध्ये अभ्यासाची पाने उघडी होती, आणि खेळ सुरू होऊन काही वेळा पाच मिनिटेही झाली नव्हती.

उरलेल्या चार वेळा संपूर्ण लॅपटॉपच विझला होता. कोणताही संदेश नाही, काही नाही. हे घडले ते प्रत्येक वेळी पाऊण तास खेळल्यानंतर, आणि प्रत्येक वेळी लॅपटॉप दिवाणखान्यातील मेजावर असताना. लॅपटॉप मांडीवर किंवा खाटेशेजारच्या स्टुलावर असताना असे एकदाही झाले नव्हते.

ताप आणि खोकला एकाच वेळी आले, तरी दोन्हींचे मूळ एकच असेल असे वैद्य गृहीत धरत नाही. आम्ही मात्र तसे गृहीत धरले होते. दोन वेगळ्या फरकांची बेरीज करून एकच चूक शोधत बसले, तर जन्मभर तेरीज जुळायची नाही.

यंत्रही कीर्द लिहिते

संगणकाच्या बिघाडाला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा म्हणतात. यंत्रातील दोषाला हा शब्द एडिसनच्या काळापासून वापरात होता. पण १९४७ सालच्या ९ सप्टेंबरला अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकात खरोखरच एक पतंग रिलेमध्ये अडकलेला सापडला. तेथील कर्मचाऱ्यांनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटपट्टीने चिकटवून वेळेसह नोंद केली. त्या चमूत ग्रेस हॉपर होत्या आणि पुढे त्यांनीच ही कथा सर्वदूर पोहोचवली. ते पान आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. किडा सापडला याहूनही मला महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे सापडल्यावर त्यांनी तो लिहून ठेवला.

आजची यंत्रे ही नोंद स्वतःच ठेवतात. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत लाँचरमधील 'इन्स्टॉलेशन्स' या भागात फोल्डरचे चित्र असते. ते दाबले, की खेळाचे घर उघडते. त्यात 'क्रॅश-रिपोर्ट्स' आणि 'लॉग्ज' असे दोन फोल्डर असतात. बंद पडण्याचा अहवाल बहुधा तेथे तारीख-वेळेसह मिळतो. वरच्या बाजूला थट्टेचे एखादे वाक्य असते, त्याने गोंधळू नये. त्याखालची वेळ, वर्णन आणि लगेच पुढच्या चार-सहा ओळी वाचाव्यात. शेवटी यंत्राची माहिती असते : जावाची आवृत्ती, स्मृती, ग्राफिक्स कार्ड. खेळ ज्या जावावर चालतो, ती जावाच कोसळली असेल, तर 'एचएस ईआरआर' या अक्षरांनी सुरू होणारी वेगळी फाइल तयार होते.

विंडोजचीही स्वतःची वही आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'रिलायबिलिटी' असे टाइप केले, की दिवसागणिक काय बंद पडले याचा तक्ता दिसतो. अधिक तपशील हवा असेल, तर 'इव्हेंट व्ह्यूअर' पाहावा. नातवाच्या वहीतील चारही 'पूर्ण विझण्या'च्या वेळा तेथे 'कर्नेल-पॉवर ४१' या नोंदीशी जुळल्या. ही नोंद एवढेच सांगते, की यंत्र रीतसर बंद न होता बंद झाले. का झाले, हे ती सांगत नाही. वीज गेली किंवा कोणी बटण दाबून धरले, तरी हीच नोंद होते. नोंद हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पहिले कारण : सहाचा आकडा

खेळ तेवढा बंद पडण्याच्या सात घटनांपैकी पाचांच्या 'एचएस ईआरआर' फाइली सापडल्या. पाचही ठिकाणी पहिल्याच ओळीत एकच तक्रार होती : जावाला काम चालू ठेवण्यास स्मृती अपुरी पडते.

मी नातवाला विचारले, "बाळ, स्मृतीचा काही आकडा तू बदललास का?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "हो. पण बिघडवायला नाही, सुधारायला."

झाले होते ते असे. विहिरीपासून निघालेला पाट लांबून दिसावा, म्हणून त्याने खेळातील दृष्टीचे अंतर, म्हणजे 'रेंडर डिस्टन्स', वाढवून २४ केले. हा आकडा 'चंक' या मापात असतो, आणि एका चंकचा तळ १६ ठोकळे लांब आणि १६ ठोकळे रुंद. खेळाडूच्या चारी बाजूंना इतके चंक मांडावे लागतात. म्हणजे अंतर १० असेल, तर २१ गुणिले २१, म्हणजे सुमारे ४४१ चंक. अंतर २४ केले, की ४९ गुणिले ४९, म्हणजे सुमारे २४०१. आकडा अडीच पटीनेही वाढला नाही, पण काम साडेपाच पटींच्या आसपास गेले. खेळ अडखळू लागला. एका मित्राने सुचवले, की खेळाला जास्त स्मृती दे. त्याने लाँचरमधील 'जेव्हीएम आर्ग्युमेंट्स' या ओळीतील २ जीबीचे ६ जीबी केले.

आमच्या लॅपटॉपची एकूण स्मृतीच ८ जीबी. त्यातील बराच भाग विंडोज आणि ब्राउझर यांनाच लागतो. स्मृती कमी पडली, की विंडोज डिस्कवरील काही जागा उसनी घेते. पण आमच्या डिस्कवर जुन्या लग्नांच्या चित्रफिती साठवून आम्हीच ती काठोकाठ भरली होती. उसने घ्यायलाही जागा उरली नव्हती. आठ पोत्यांच्या गोदामात सहा पोती एकाच व्यापाऱ्याच्या नावे राखून ठेवली आणि ओसरीही अडवून ठेवली, तर आलेली पुढची गाडी दारातूनच परत जाणार.

आपल्याही घरी असे होत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात खेळ चालू असताना स्मृती किती वापरली जाते, ते पाहावे. ती शंभर टक्क्यांच्या जवळ जात असेल, तर नवे सुटे भाग विकत घेण्याआधी उघडी पाने मिटावीत, डिस्कवर जागा करावी आणि खेळाला दिलेला वाटा एकूण स्मृतीच्या निम्म्याच्या आत ठेवावा.

आम्ही सहाचे पुन्हा दोन केले. त्या दिवशी दुसरे काहीही बदलले नाही. एका वेळी एकच बदल, हा नियम आम्ही काटेकोर पाळला, कारण दोन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही. चार दिवसांत पहिल्या प्रकारचा क्रॅश एकदाही झाला नाही. खेळ मात्र पूर्वीसारखा अडखळत होता, आणि पाऊण तासाने लॅपटॉप एकदा विझलाच. दोन दुखणी खरोखरच वेगळी होती, याचा हा पुरावा.

दुसरे कारण : चार पदरी घोंगडी

आता उरला तो पूर्ण विझणारा पडदा. वहीतील 'दिवाणखान्यातील मेज' या शब्दांवर मी बोट ठेवले आणि लॅपटॉप उचलून पाहिला. त्याच्या खाली माझीच जुनी घोंगडी चार पदर करून घातलेली होती. मेजाच्या पॉलिशवर चरा पडू नये, म्हणून ती मीच फेब्रुवारीत अंथरली होती.

लॅपटॉपचा प्रोसेसर काम करताना तापतो. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी आत पंखा असतो, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये तो खालच्या झरोक्यांतून हवा ओढून कडेने किंवा मागून सोडतो. अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा सुमारे १०० अंश सेल्सिअस असते. त्या मर्यादेजवळ येताच प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही, तर स्वतःला वाचवण्यासाठी सारे यंत्र बंद करतो. आम्ही ज्याला बिघाड समजत होतो, ती यंत्राची आत्मरक्षा होती. सांगलीच्या उन्हाळ्यात आधीच खोलीतील हवा तापलेली. त्यात खालून लोकरीने झरोके बुजवलेले, आणि घोंगडीचे तंतू पंख्यात ओढले जाणारे. अभ्यासाच्या वेळी प्रोसेसरला फारसे काम नसते, म्हणून तेव्हा काही होत नसे. खेळाने मात्र काम वाढवले, की पाऊण तासात उष्णता साठून टोक गाठत असे. मांडीवर असताना झरोके निदान अर्धे उघडे राहत होते.

घोंगडी काढली. मागच्या कडेखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून लॅपटॉप बोटभर उचलला. तीन दिवस नातवाने मुद्दाम पाऊण तासाहून अधिक वेळ खेळून पाहिले. यंत्र एकदाही विझले नाही. चौथ्या दिवशी मी घोंगडी पुन्हा घातली. नातू म्हणाला, "आप्पा, हे कशाला?" मी म्हटले, "खात्री करायला." आधी खेळ अडखळू लागला आणि बेचाळीस मिनिटांनी पडदा काळा झाला. मग ती घोंगडी कायमची कपाटात गेली. निदान पटले की नाही, हे दुखणे जाण्यावरून अर्धेच कळते. कारण परत आणताच दुखणे परत आले, तर पुरते कळते. अर्थात अशी परीक्षा एकदाच, आणि साठवलेल्या कामाची प्रत घेतल्यानंतरच करावी.

नंतर एका माहीतगार कारागिराकडून खालचे झाकण उघडून पंखा साफ करून घेतला. पाचशे रुपये लागले. आत राखाडी लोकरीचा एक गोळाच निघाला. घरी फुंकर मारायची झाल्यास यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून आणि पंख्याचे पाते काडीने अडवून दाबाची हवा सोडावी. पंखा भरधाव फिरू देऊ नये.

शेवटी दृष्टीचे अंतर २४ वरून १० वर आणले आणि चित्रांचा वेग सेकंदाला ६० पर्यंत मर्यादित केला. बहुतेक साध्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० हून अधिक चित्रे दाखवूच शकत नाही, त्यामुळे त्यापुढची मेहनत केवळ उष्णतेत जाते. खेळ आता अडखळत नाही. पाट लांबून पाहायचा असेल, तर नातू दोन मिनिटांपुरते अंतर वाढवतो आणि पुन्हा कमी करतो.

आपल्या घरी कारण वेगळे असेल तर

आमच्या घरी सापडलेली कारणे हीच सर्वत्र असतील असे नाही. तपासाची रीत मात्र तीच. फुकट होणाऱ्या आणि सहज मागे घेता येणाऱ्या गोष्टी आधी कराव्यात, खर्चाच्या आणि मागे न घेता येणाऱ्या शेवटी.

अहवालात ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलीचे नाव दोषी म्हणून आले, तर ड्रायव्हर जुना किंवा बिघडलेला असण्याचा संभव मोठा. अशा फाइलींची नावे इंटेलच्या बाबतीत बहुधा 'आयजी', एनव्हिडियाच्या बाबतीत 'एनव्ही' आणि एएमडीच्या बाबतीत 'एटीआय' या अक्षरांनी सुरू होतात. नवा ड्रायव्हर लॅपटॉप किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा. 'एका क्लिकमध्ये सर्व दुरुस्त' असे सांगणारे फुकटचे कार्यक्रम उतरवू नयेत. व्हायरसची भीती खरी असेल, तर ती अशाच दारातून येते.

काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक साधे आणि एक ताकदीचे. खेळ चुकून साध्यावर चालत असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमधील डिस्प्ले विभागात 'ग्राफिक्स' येथे त्या खेळासाठी दुसरे निवडता येते.

खेळात बाहेरची भर, म्हणजे 'मॉड', घातली असेल, तर आधी ती सारी काढून पाहावी. खेळ नीट चालला, तर दोष त्यांपैकी एकात आहे. मग निम्मी परत घालावीत. बंद पडला, तर दोष या निम्म्यात, नाही तर उरलेल्यांत. सोळांपैकी एकच दोषी असेल, तर तो चार फेऱ्यांत सापडतो. मोठ्या खतावणीत चुकीचे पान शोधताना आम्ही हेच करत असू.

खेळाच्या फाइलीच खराब झाल्या असतील, तर जगाची प्रत घेऊन खेळ नव्याने बसवावा. खेळ नसतानाही निळा पडदा येत असेल, निरनिराळे कार्यक्रम कोसळत असतील, तर मात्र सुट्या भागांवर संशय घ्यावा. विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' ही स्मृती तपासण्याची सोय आहे. ती चालवावी आणि मग आपली वही घेऊन कारागिराकडे जावे. वही पाहिली, की चांगला कारागीर खूश होतो, आणि न पाहता अंदाज देणारा जरा सावध होतो.

तेरीज जुळली

पंधराव्या दिवशी रात्री मुलाला आणि सूनबाईंना बसवून वही दाखवली. नातवाने स्वतःच सांगितले, "सहाचा आकडा मी घातला होता. मला कळलं नव्हतं." मी म्हटले, "आणि घोंगडी मी घातली होती. मलाही कळलं नव्हतं." मुलाने वहीची पाने उलटून पाहिली. डिस्क भरणाऱ्या चित्रफिती त्याच्याच होत्या, हे त्याच्या ध्यानात आले असावे. तो थोडा हसला आणि म्हणाला, "नऊ हजार वाचले." मग नातवाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ती विहीर दाखव बघू."

खेळाला किती वेळ द्यावा, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो प्रत्येक घराने आपापला सोडवावा. आमच्याकडे रोज एक तास ठरला आहे. पण मुलाचा वेळ वाया जातो, असे आपल्याला वाटते एवढ्यावरून त्याने यंत्र बिघडवले असे ठरत नाही. या दोन गोष्टींची आपण सहज गल्लत करतो. आधी नावडत्या वस्तूवर आळ घालतो आणि मग त्याला साजेसे कारण शोधतो. आमच्या घरात बिघाडात तिघांचा हात होता आणि आळ एकावर आला होता. तो सर्वांत लहान होता, म्हणून.

वहीचे शेवटचे पान नातवाने लिहिले आहे. 'काय बदलले' या रकान्यात त्याने तीन नोंदी केल्या आहेत : 'सहाचे दोन केले, मी. घोंगडी काढली, आप्पा. चित्रफिती दुसऱ्या डिस्कवर हलवल्या, बाबा.' त्याखाली त्याने माझ्यासारखीच दुहेरी रेघ ओढली आहे. हिशेब जुळला, की आम्ही दिवाणजी अशीच ओढतो.